सामान आले, वहिवाट राहिली

माणसाच्या आयुष्यात बिऱ्हाड हलवण्याचे प्रसंग दोन-तीनच येतात, आणि ते तेवढेच यावेत हे उत्तम. कारण बिऱ्हाड हलवणे म्हणजे नुसते सामान हलवणे नव्हे. सामान काय, टेम्पोत चढते आणि उतरते. एखादी बरणी फुटते, एखाद्या खुर्चीचा पाय निखळतो, पण एकंदरीत जे निघाले ते पोचते. जे टेम्पोत चढत नाही ते निराळेच असते. जिन्याची कितवी पायरी करकरते हे अंधारात पायाला ठाऊक असणे, पाणी यायच्या आधी नळात होणारी गुरगुर कानाला ओळखीची असणे, मिठाची बरणी न बघता हाताला सापडणे! आमच्या वडिलांच्या पिढीत याला एक छान शब्द होता, वहिवाट. तसा तो कोर्टकचेरीतला शब्द. दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून तुम्ही वर्षानुवर्षे ये-जा केलीत की ती तुमच्या वहिवाटीची वाट होते. हातात कागद नसतो, पण पायाखाली वाट असते.

हे सारे आठवायचे कारण मात्र अगदी आजकालचे आहे. मी घर बदललेले नाही; डोंबिवलीच्या ज्या दोन खोल्यांत होतो तिथेच आहे. मी फोन बदलला. आणि तोही असा तसा नव्हे, तर अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलो.

वाचक म्हणतील, यात एवढे काय? पूर्वी आपण फोन बदलायचो तेव्हा काय होत असे? सिमकार्ड या डबीतून काढून त्या डबीत घातले की झाले. पण आताचा फोन ही डबी राहिलेली नाही, ती एक वसाहतच आहे. एके काळी अशा वसाहती पुष्कळ होत्या. नोकियाचा सिंबियन होता, ब्लॅकबेरी होता, मायक्रोसॉफ्टचा विंडोज होता. आयफोन आला २००७ साली आणि अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत बाकीच्या आळ्या एकामागून एक ओस पडल्या. विंडोजच्या फोनांची देखभाल २०१९-२० च्या सुमारास थांबली. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. आता मोठ्या वसाहती उरल्या दोनच. आपल्या देशात शंभरातले नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे, तेव्हा आमच्या सोसायटीतले झाडून सारे ज्येष्ठ नागरिक त्याच आळीत राहतात. मीही तिथेच सुखाने राहत होतो.

पण माझा फोन सहा वर्षांचा झाला. त्याला नव्या दुरुस्त्या येणे बंद झाले. पुढे एके दिवशी माझ्या बँकेच्या ॲपने, या जुन्या फोनवर आपण यापुढे चालणार नाही, अशी नोटीसच दिली. त्याच सुमारास नाशिकच्या आमच्या कन्येने स्वतःसाठी नवा फोन घेतला आणि आपला आधीचा आयफोन १३ माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "बाबा, हा घ्या. अजून चार वर्षे हूं की चूं करणार नाही."

काळाचा महिमा पाहा! आमच्या लहानपणी थोरल्याचा सदरा धाकट्याला यायचा आणि दादाची पुस्तके आम्हाला. वस्तू वरून खाली यायच्या. आता मुलांचे फोन आईबापांकडे येतात. गंगा उलटी वाहते म्हणावे, तर तिच्या पाण्याला काही वाईट चव नाही.

मी मात्र हो म्हणायला पंधरा दिवस घेतले. आमच्या सौभाग्यवती वैतागून म्हणाल्या, "अहो, फोनच आहे ना तो? सोयरीक जुळवायची आहे का?" त्यांचे बरोबर होते. पण माझ्या त्या पंधरा दिवसांचे कारण आक्का होती.

आक्का माझी थोरली बहीण. सांगलीला असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, जाणेयेणे थांबले, आणि आम्हा भावंडांचा व्हॉट्सॲपवरचा संवाद सुरू झाला. आक्काच्या बोटांना कंप होता, त्यामुळे तिला टाइप करता येत नसे. वाचायला मात्र ती चष्मा पुसून बसे. म्हणून आमची वाटणी अशी ठरली की मी लिहायचे आणि तिने बोलायचे. सकाळी साडेसातला मी लिही, 'आक्का, गोळी घेतलीस का?' आणि पाच मिनिटांत तिचा आवाज येई, "घेतली रे बाळ, घेतली. तू चहा घेतलास का?" मग त्यापुढे जे जे सुचेल ते. हळदीचा भाव काय निघाला, कोणाच्या मुलीचे कुठे जमले, भडंगाला लसूण किती घालावा. जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा ती तासातासाला बातमी देई: "आयर्विन पुलाला पाणी चढतंय म्हणतात. आमच्या गल्लीत नाही अजून. तू काळजी करू नकोस, डाळ शिजत लावलीय." पाणी दाराशी आले तरी डाळ शिजत लावणारी ती बाई होती.

२०२४ च्या श्रावणात आक्का गेली. मागे उरला तो चार वर्षांचा आवाज, आणि तो त्या सहा वर्षांच्या फोनात होता.

आता या आवाजाचे सामान हलवायचे कसे? कन्या हुशार. तिने आधी जुना फोन लॅपटॉपला जोडून सगळे व्हॉइस मेसेज त्यावर उतरवून घेतले. म्हणाली, "आता निर्धास्त राहा." मी पाहिले, तर आठवड्या-आठवड्याची एकेक थैली, आणि प्रत्येक थैलीत दहा-वीस फायली. फाइलीचे नाव म्हणजे तीन अक्षरे, मग तारीख, मग क्रमांक. बोलणाऱ्याचे नाव नाही! एक लावली तर सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीविषयी बोलू लागले. दुसरीत दूधवाला उद्या येणार नव्हता. तिसरीत आक्का म्हणत होती, "हो, तेच बरं." तेच म्हणजे काय? मी आदल्या ओळीत काय विचारले होते? ते त्या थैलीत नव्हते. आवाज जपला गेला होता, पण कोणत्या प्रश्नाचे ते उत्तर, हे गेले होते. संवाद हा असा चमत्कारिक जिन्नस आहे. त्यातला एकेक मणी काढून डबीत ठेवता येतो, पण माळ दोऱ्यासकटच न्यावी लागते.

तो दोरा नेण्याची सोय फार वर्षे नव्हतीच. व्हॉट्सॲपच्या संभाषणांची राखीव प्रत अँड्रॉइडवाल्यांची गूगलच्या कोठारात पडते आणि आयफोनवाल्यांची ॲपलच्या. एका कोठाराची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. ॲपलने २०१५ साली 'मूव्ह टू आयओएस' नावाचे ॲप काढले. त्यातून फोन नंबर, फोटो, साधे संदेश येत, पण व्हॉट्सॲप येत नसे. ते येऊ लागले २०२२ सालापासून. म्हणजे आक्का तीन वर्षे आधी गेली असती आणि माझा फोनही तीन वर्षे आधी थकला असता, तर सरळ मार्गाने ही माळ इकडे आलीच नसती.

मग मला एक गोष्ट ध्यानात आली. या दोन वसाहतींच्या मधल्या भिंतीतून जे जे आज ये-जा करते, ते आपोआप करत नाही. प्रत्येकासाठी कोणीतरी कधीतरी भिंत फोडलेली आहे. आपला मोबाइल नंबरच घ्या. कंपनी बदलली तरी नंबर तोच, हे आज आपण गृहीत धरतो. पण ही सोय देशभर लागू झाली ती २० जानेवारी २०११ पासून. त्याआधी कंपनी सोडली की नंबर सुटे. चार्जरचेही तेच. माझ्या या आयफोन १३ चे तोंड आमच्या घरातल्या कोणत्याही वायरीशी जुळत नाही. युरोपीय संघाने कायदा केला की २०२४ च्या अखेरीपासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनांना एकाच प्रकारचे तोंड हवे. आयफोनने ते २०२३ मध्ये, पंधराव्या मालिकेपासून, घेतले. म्हणजे माझा फोन दोन वर्षांनी उशिरा जन्मता तर सौभाग्यवतींच्या चार्जरवर जगला असता. आता त्याची वायर निराळी आणि माझा मान निराळा!

असो. २०२५ च्या जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही मुहूर्त धरला. आम्ही केले तेव्हा नियम असा होता की नवा फोन अगदी कोरा हवा. कन्येचा फोन तिने आधीच पुसून कोरा केलेला होता, तेव्हा ते जमले. दोन्ही फोन वीज लावून शेजारी शेजारी ठेवले, देवापुढे दोन समया ठेवाव्यात तसे. आयफोनने काही आकडे दाखवले, ते अँड्रॉइडवर भरले, आणि काय काय न्यायचे त्या यादीत व्हॉट्सॲपवर खूण केली. मग जुन्या फोनवर व्हॉट्सॲपने विचारले, सुरू करू का? आणि तयारी झाल्यावर ते तिथून आमचे नाव काढून बाहेर पडले. त्या क्षणी आक्का ना या घरात होती ना त्या घरात. वरची निळी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कन्या जेवायला बसली. मी काही बसलो नाही.

पावणेदोन तासांनी रेघ पुरी झाली. मी नव्या फोनवर आक्काचे नाव काढले. तारीख, माझा प्रश्न, तिचे उत्तर, माझा प्रश्न, तिचे उत्तर. दोरा शाबूत होता. पुराचा दिवस शोधून लावला. "डाळ शिजत लावलीय." सौभाग्यवती ओट्यापाशी उभ्या होत्या, त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. नाही म्हणायला आक्काने केलेल्या कॉलची यादी तेवढी आली नाही, कारण ती येत नाही असाच नियम आहे. कोणत्या दिवशी कितीला फोन केला आणि किती मिनिटे बोललो हे गेले. ते काही जपायचे सामान नव्हे, असे मी मनाला सांगितले.

मग नव्या घरात राहणे सुरू झाले. माझ्या जुन्या फोनवर खाली तीन बटणे असत. त्यातले एक मागे नेणारे. सहा वर्षे माझा अंगठा त्या कोपऱ्यात राहिला होता. इथे तो कोपरा रिकामा! मागे जायचे तर डाव्या कडेवरून बोट आत सरकवावे, नाहीतर वरच्या कोपऱ्यातला बाण शोधावा. महिनाभर माझा अंगठा त्या रिकाम्या जागी जाऊन थबकत होता. १९७१ साली आम्ही गिरगावातल्या चाळीतून डोंबिवलीला आलो तेव्हा आईचा हात मिठासाठी असाच उजवीकडे जायचा. मीठ आता डाव्या फळीवर होते.

बँका आणि पैशाचे व्यवहार यांचा थाट तर वेगळाच. मित्रमंडळी नंबरासकट आपण होऊन आली, पण पैसे पाठवण्याच्या ॲपने मला ओळखच दिली नाही. त्यात ते वावगेही करत नाही; खाते त्या त्या फोनाशी आणि सिमशी बांधलेले असते, म्हणून नव्या फोनवरून पुन्हा एसेमेस पाठवून आपण तेच हे सिद्ध करावे लागते. नव्या वस्तीत गेल्यावर रेशनकार्डावरचा पत्ता बदलून घ्यायचो, तसे. आणि एक पंचांगाचे ॲप मी तिकडे पैसे मोजून घेतले होते, ते इकडे पुन्हा विकत घ्यावे लागले. भाड्याच्या खोलीत स्वखर्चाने लावलेले कपाट खोली सोडताना भिंतीलाच राहते, तसलाच हा हिशेब.

या सगळ्याची सवय झाली. एकाच गोष्टीची झाली नाही, आणि ती मला हलवाहलवीनंतर तीन आठवड्यांनी कळली.

भाच्याला काही लिहायचे होते. 'आक्काच्या पुस्तकांचे काय ठरले?' एवढेच. 'आक्का' हा शब्द लिहिला आणि मी नकळत थांबलो. जुन्या फोनवर हा शब्द लिहिला की कीबोर्डच्या वर लगेच 'गोळी' हा शब्द उभा राहत असे. त्यावर बोट ठेवले की 'घेतलीस', आणि मग 'का'. चार वर्षे रोज सकाळी लिहून लिहून तो शिकला होता. आक्का गेल्यानंतरही तो ते विसरला नाही. तिचे नाव कोणत्याही कारणाने लिहावे, आणि त्याने आपले शहाण्यासारखे विचारावे: गोळी? पहिल्या महिन्यात तो शब्द दिसला की मी फोन उलटा ठेवून देई. पुढे पुढे तो दिसला नसता तर चुकल्यासारखे वाटले असते.

नव्या फोनच्या कीबोर्डला यातले काहीच ठाऊक नव्हते. 'आक्का' लिहिले तर त्याने तीन परके शब्द पुढे केले. त्यांतला एकही आमच्या घरातला नव्हता.

कन्येला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "बाबा, त्यात काय? सेटिंगमध्ये जाऊन शिकवता येईल. मी सांगते तसे करा." मी नको म्हटले. शिकवलेला शब्द आणि रुळलेला शब्द यांत फरक आहे. रस्त्याची पाटी एका दिवसात लावता येते; पायवाट पडायला पाय लागतात. फोन नंबर, फोटो, हजारभर व्हॉइस मेसेज, सारे सामान नीट आले. पण दीड हजार सकाळींची ती वहिवाट जुन्याच जागी राहिली. ती पुढे नेण्याचे कोणी मनात आणले नसावे, आणि खरे सांगायचे तर यादीत तिचे नाव काय लिहिणार?

या दिवसांत दुकानादुकानांतून जुन्या फोनच्या बदल्यात नवा देण्याच्या सवलतींचा सुकाळ असतो. मलाही दुकानदाराने त्या जुन्या फोनचे बाराशे रुपये देऊ केले होते. पूर्वी बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची आणि पातेले द्यायची. कपडे तिच्या गाठोड्यात पडण्यापूर्वी घरातली शहाणी बाई प्रत्येक खिशात हात घालून बघे. वाचकांना माझी एवढीच विनंती की या दिवाळीत फोन बदलणार असाल तर जुना पुसण्याआधी आणि देण्याआधी खिसे तपासा. संभाषणे दोऱ्यासकट आली का, हे एकदोन जुनी काढून बघा. आणि दहा-पंधरा दिवस तो तसाच घरी राहू द्या. खिशात काय होते हे कधी कधी तीन आठवड्यांनी आठवते.

मी तो दिला नाही. कपाटात आहे. तो पार उतरू देऊ नये म्हणतात, म्हणून महिन्यातून एकदा अर्धा चार्ज करून ठेवतो. त्यात सिम नाही, व्हॉट्सॲप बंद आहे, कोणाला काही पाठवता येत नाही. पण लिहिता येते. सौभाग्यवतींना माहीत आहे. त्या विचारत नाहीत.

दरम्यान मार्चात डॉक्टरांनी मलाही रक्तदाबाची गोळी सुरू केली. तेव्हापासून सकाळी साडेसातला नाशिकहून संदेश येतो: 'बाबा, गोळी घेतलीत का?' मी म्हटले, अगं, रोज कशाला लिहितेस, मी काय लहान आहे? तर म्हणाली, "मला कुठे लिहावं लागतं? 'बाबा' लिहिलं की पुढचं फोनच सुचवतो."

मी लिहून उत्तर देत नाही. बटण दाबून धरतो आणि बोलतो, "घेतली गं, घेतली. तू चहा घेतलास का?"